घटकांची यादी म्हणजे पडताळणी नव्हे

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कावेरीकाठच्या कुंभकोणमहून महाभारताची एक आवृत्ती प्रसिद्ध होऊ लागली. टी. आर. कृष्णाचार्य आणि टी. आर. व्यासाचार्य या संपादकांनी ती मुख्यतः दक्षिणेतील पोथ्यांच्या आधारे सिद्ध केली. छपाई मात्र झाली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात. उत्तरेत आणि महाराष्ट्रात नीलकंठाच्या टीकेसह प्रचलित असलेली संहिता आणि ही कुंभकोणमची संहिता शेजारी शेजारी ठेवली, तर दोन्हींवर ग्रंथाचे नाव एकच दिसते. आत मात्र अध्यायांची विभागणी वेगळी, श्लोकसंख्या वेगळी, आणि एकीत असलेले कित्येक प्रसंग दुसरीत नाहीत.

नाव एक आणि मजकूर अनेक, या पेचाला पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने तोंड दिले. १९१९ मध्ये चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेण्यात आले, १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुखटणकर प्रमुख संपादक झाले आणि १९६६ मध्ये ते काम पूर्णत्वास गेले. १,२५९ हस्तलिखिते तपासली गेली. गणपती व्यासांचा लेखनिक झाला ही घरोघरी ठाऊक असलेली कथासुद्धा मूळ संहितेत टिकली नाही. पुराव्यावर उतरली नाही म्हणून ती परिशिष्टात गेली. ती लोकप्रिय होती, पूज्य होती, रूढ होती. तरीही तिला ताडून पाहण्यातून सूट मिळाली नाही.

ज्या देशाने एका ग्रंथाच्या शुद्ध संहितेसाठी सुमारे अर्धे शतक खर्च केले, त्याच देशात आज लाखो विद्यार्थी आणि अभियंते रोज परक्या ठिकाणाहून आलेला मजकूर केवळ नाव पाहून स्वीकारतात आणि नागरिकांच्या हातातील फोनमध्ये पोचवतात. त्या मजकुराला सॉफ्टवेअरच्या व्यवहारात पॅकेज म्हणतात. तो ताडून पाहण्याची सोय साधनांमध्ये आहे, ती विनामूल्य आहे आणि अनेक वर्षे उपलब्ध आहे. तरीही ती एक तर सुरूच केली जात नाही, किंवा सुरू करून निरुपयोगी केली जाते. हा अज्ञानाचा दोष मानून सोडून देण्याजोगा प्रकार नाही. ही एक सवय आहे, आणि ती शिकवली जाते.

प्रत्यक्षात काय घडते?

कुंभकोणम असो की कराड, अँड्रॉइडचे अॅप बनवायला शिकणारा विद्यार्थी ग्रेडल या बिल्ड टूलशी पहिल्या दिवसापासून संबंधित असतो. तो एका फाईलमध्ये पाच-दहा पॅकेजांची नावे आणि आवृत्तीचे आकडे लिहितो. ग्रेडल ती पॅकेजे सार्वजनिक भांडारांतून उतरवून घेते. त्या प्रत्येक पॅकेजला आणखी पॅकेजे लागतात, त्यांना आणखी. विद्यार्थ्याने लिहिलेल्या दहा नावांमागे त्याने कधीही न वाचलेल्या नावांची लांबलचक रांग उभी राहते. या रांगेतील प्रत्येक वस्तू त्याच्या अॅपचा भाग होते किंवा ते घडवताना त्याच्या संगणकावर चालते.

या साऱ्या व्यवहारात ओळख पटवण्याचे साधन कोणते? नाव आणि आवृत्तीचा आकडा. म्हणजे पोथीचे मुखपृष्ठ.

मुखपृष्ठापलीकडे जाण्याचा मार्ग गणिताने दिलेला आहे. शा-२५६ सारखे फलन कोणत्याही फाईलचा २५६ बिटांचा ठसा काढते. तो ६४ चिन्हांत लिहिता येतो. फाईलमधील एक अक्षर बदलले तरी ठसा पूर्णपणे वेगळा येतो, आणि तोच ठसा देणारी दुसरी फाईल मुद्दाम घडवणे आजच्या ज्ञात पद्धतींनी अशक्यप्राय आहे. अपेक्षित ठसा आधी लिहून ठेवायचा, उतरवलेल्या फाईलचा ठसा काढायचा, दोन्ही जुळले तरच पुढे जायचे. भांडारकरमधील पंडितांना ओळीला ओळ लावून जे करावे लागले, त्याचा एक भाग संगणक क्षणार्धात करतो.

ग्रेडलमध्ये ही सोय २०२० साली ६.२ या आवृत्तीबरोबर आली. प्रकल्पाच्या ग्रेडल नावाच्या फोल्डरमध्ये पडताळणीची एक एक्सएमएल फाईल ठेवली की साधन प्रत्येक पॅकेजचा ठसा तिच्याशी ताडून पाहते. स्वाक्षऱ्या तपासायला सांगितले तर पॅकेज ज्याच्या नावाने प्रसिद्ध झाले, त्याच्याच किल्लीने त्यावर स्वाक्षरी झाली आहे का, हेही पाहते. ठसा जुळला नाही तर बिल्ड थांबते. ही फाईल नसेल तर मात्र साधन काहीच ताडत नाही आणि काही बोलतही नाही. मौनाला संमती समजणारी ही व्यवस्था आहे, आणि बहुसंख्यांचे काम या मौनावर चालते.

पडताळणी मोडण्याचे तीन राजमार्ग

पडताळणी सुरू केल्यानंतर ती निकामी कशी होते, हे अधिक बोधप्रद आहे.

पहिला मार्ग आपोआप भरलेल्या फाईलचा. ठशांची फाईल हाताने लिहिणे अवघड, म्हणून ग्रेडल ती एका आज्ञेत तयार करून देते. पण ती आज्ञा त्या क्षणी संगणकावर जे काही उतरले असेल, त्याचेच ठसे लिहिते. उतरलेली वस्तू आधीच दूषित असेल तर दूषित वस्तूचा ठसा अधिकृत म्हणून नोंदवला जातो. ग्रेडलची स्वतःची मार्गदर्शिका हा इशारा देते आणि नोंदी दुसऱ्या, विश्वासार्ह ठिकाणाशी जुळवून पाहायला सांगते. पुढे कधी ठसा जुळला नाही आणि बिल्ड थांबले, की तीच आज्ञा पुन्हा चालवून नवा ठसा लिहिला जातो. पहारेकऱ्याने अनोळखी माणूस अडवावा आणि मालकाने त्या माणसाचेच छायाचित्र ओळखपत्रावर चिकटवावे, असा हा प्रकार.

दुसरा मार्ग सरसकट सवलतीचा. काही वस्तू पडताळणीतून वगळण्याची मुभा या फाईलमध्ये आहे, आणि तिला योग्य कारणेही असू शकतात. पण नावाच्या जागी 'काहीही चालेल' असा नमुना लिहिला की सगळेच वगळले जाते. फाईल जागेवर असते, तपासनीसाला ती दाखवता येते, आणि ती काहीही तपासत नाही.

तिसरा मार्ग मवाळपणाचा. ग्रेडलमध्ये पडताळणीच्या तीन पातळ्या आहेत: कठोर, सौम्य आणि बंद. फाईल अस्तित्वात असेल तर मूळ पातळी कठोर असते. सौम्य पातळीवर साधन दोष सांगते आणि बिल्ड पुढे जाऊ देते. मेव्हन या दुसऱ्या प्रसिद्ध साधनाच्या तिसऱ्या पिढीत तर ठसा न जुळल्यास नुसती चेतावणी देऊन पुढे जाणे हीच मूळ मांडणी आहे. शेकडो ओळींच्या नोंदींत ही चेतावणी कोण वाचतो? जी चूक कामाला अडवत नाही ती चूक म्हणून उरतच नाही, हा कारखान्यांपासून कचेऱ्यांपर्यंत सर्वांचा अनुभव आहे.

एका माणसाने ताडून पाहिले

हा सारा अतिसावधपणा आहे असे म्हणणाऱ्यांनी २०२१ चे कोडकोव्ह प्रकरण आठवावे. चाचण्यांनी कोडचा किती भाग तपासला, हे मोजणारी ही सेवा. तिची एक छोटी बॅश स्क्रिप्ट जगभरातील प्रकल्प आपल्या बिल्डच्या वेळी थेट उतरवून चालवत असत. ३१ जानेवारी २०२१ पासून त्या स्क्रिप्टमध्ये परक्या हाताने फेरफार झाले. बिल्डच्या वातावरणातील गुप्त किल्ल्या आणि परवलीचे शब्द ती गुपचूप दुसऱ्याच सर्व्हरकडे पाठवू लागली. स्क्रिप्टचे नाव तेच होते, पत्ता तोच होता आणि काम पूर्वीप्रमाणेच नीट चालत होते.

दोन महिने हे चालले. १ एप्रिलला एका ग्राहकाने कळवले की गिटहबवर प्रसिद्ध केलेला ठसा आणि उतरवलेल्या स्क्रिप्टचा ठसा जुळत नाही. एवढ्या एका तुलनेने सारे उघडकीस आले. बाधितांमध्ये हॅशिकॉर्पसारखी पायाभूत साधने बनवणारी कंपनीही होती. तिची प्रकाशनांवर स्वाक्षरी करण्याची किल्लीच उघडी पडली आणि तिला ती बदलावी लागली. इतरांच्या पडताळणीचा आधार असलेली किल्ली, आणि तिला धोका झाला तो बिल्डमध्ये शिरलेल्या दूषित स्क्रिप्टमुळे.

अपेक्षित ठसा साऱ्या जगासाठी खुला होता. तो ताडून पाहणे काही सेकंदांचे काम होते. त्या दोन महिन्यांत ही स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रत्येकाला हे शक्य होते. जे एका ग्राहकाला दिसले, ते बाकीच्यांना दिसू नये याला तांत्रिक अडचण कारण नव्हती.

राष्ट्रीय पातळीवर यादीचे समाधान

भारतात या विषयाकडे दुर्लक्ष झालेले नाही. सर्ट-इन या राष्ट्रीय संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरच्या घटकसूचीविषयी, म्हणजे एसबॉमविषयी, तांत्रिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि जुलै २०२५ मध्ये त्यांची विस्तारित आवृत्ती काढली. सेबीने ऑगस्ट २०२४ मधील आपल्या सायबर सुरक्षा चौकटीत घटकसूचीला स्थान दिले. औषधाच्या वेष्टनावर घटक छापलेले असावेत तसे सॉफ्टवेअरबरोबर त्यातील घटकांची यादी असावी, ही कल्पना योग्यच आहे. एखाद्या पॅकेजमध्ये दोष सापडला की ते कुठे कुठे वापरले आहे, हे अशा यादीमुळे तासाभरात कळू शकते. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या पॅकेजमधील दोष उघड झाला तेव्हा अनेक संस्थांना नेमके हेच शोधता शोधता नाकी नऊ आले होते.

पण यादी हे उत्तर झाले, या समजुतीने आता मूळ प्रश्नाची जागा घेतली आहे. यादीत ठसा नोंदवता येतो. नोंदवलेला ठसा कोणी, कधी आणि कशाशी ताडून पाहिला, हा प्रश्न वेगळा आहे. बिल्डच्या वेळी काहीही न तपासता जे उतरले त्याची यादी बनवली, तर ती चोरीच्या मालाची सुबक पावती ठरते. कागद पूर्ण, शिक्का स्पष्ट आणि माल परका.

नियामकाने यादी मागावीच. परंतु तिच्याबरोबर तीन साध्या गोष्टीही मागाव्यात: पडताळणी कठोर पातळीवर चालू असल्याचा पुरावा, सवलत दिलेल्या प्रत्येक पॅकेजमागचे लेखी कारण, आणि ठशांची फाईल बदलली गेल्यास त्या बदलाला दुसऱ्या व्यक्तीची मान्यता. यांपैकी एकाही गोष्टीला नवे तंत्रज्ञान लागत नाही.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप वेळेचा. पॅकेजची आवृत्ती वाढवली की ठसा बदलतो, फाईल अद्ययावत करावी लागते, बिल्ड अडते, काम खोळंबते. हे खरे आहे. पण हा खोळंबा नेमका त्या क्षणी होतो, जेव्हा परका नवा मजकूर घरात शिरत असतो. तेवढे पाच मिनिटे थांबणे हाच पडताळणीचा उद्देश आहे. रेल्वे फाटकामुळे वाहने थांबतात ही फाटकाविरुद्धची तक्रार होऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप प्रतिष्ठेचा. पॅकेज नामांकित आहे, जगभर वापरले जाते, त्याचा कर्ता थोर आहे. मग शंका कशाला? याला उत्तर कुंभकोणमनेच दिलेले आहे. सारंगपाणी मंदिराजवळच्या रस्त्यावरील लहानशा घरात वाढलेल्या श्रीनिवास रामानुजन यांनी १६ जानेवारी १९१३ रोजी मद्रासहून केंब्रिजच्या हार्डी यांना पत्र धाडले. पाठवणारा अनोळखी, सोबत सिद्धतांविना सूत्रांची पाने. हार्डी यांनी ती फेकून दिली नाहीत आणि डोळे मिटून स्वीकारलीही नाहीत. लिटलवुड यांच्यासह बसून त्यांनी ती तपासली. काही सूत्रे आधीच ज्ञात होती, काही अपूर्व होती, आणि अविभाज्य संख्यांच्या वितरणाविषयीचे दावे चुकीचे होते. रामानुजन यांची महत्ता निर्विवाद ठरल्यानंतरही गणितज्ञांनी त्यांच्या वह्यांना सूट दिली नाही. ब्रूस बर्न्ट यांनी त्या वह्यांतील हजारो विधानांच्या सिद्धता तपासून मांडल्या आणि ते काम १९८५ ते १९९८ या काळात पाच खंडांत प्रसिद्ध झाले. तपासल्यामुळे रामानुजन यांचा अपमान झाला नाही. त्यांचे काम तपासूनच सर्वांच्या उपयोगी पडले. रामानुजन यांच्या जन्मदिनी, २२ डिसेंबरला, राष्ट्रीय गणित दिन साजरा करणाऱ्या देशाने त्यांच्या चरित्रातील प्रतिभेची गोष्ट सांगावी आणि पडताळणीची गोष्ट वगळावी, हे विसंगत आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. ठसा जुळला तरी आतला मजकूर घातक असू शकतो. मार्च २०२४ मध्ये उघड झालेले एक्सझेड प्रकरण त्याचे उदाहरण. 'जिया टॅन' या नावाने वावरणाऱ्या व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ उपयुक्त काम करून या प्रकल्पात विश्वास कमावला, प्रकाशनाचा अधिकार मिळवला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. ठसे बरोबर होते, कारण ठसे देणारा हात चोराचाच होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत असल्याची शंका आली, म्हणून तो सापडला.

या आक्षेपाचा निष्कर्ष मात्र उलटा काढला जातो. ठसा सर्व काही पकडत नाही, म्हणून ठसा नको, असे म्हणणे म्हणजे कुलूप फोडता येते म्हणून दार उघडे ठेवणे. शिवाय एक्सझेडमध्येही ताडून पाहण्याजोगे काही होतेच. चोरदरवाजा कार्यान्वित करणारी बिल्डची एक फाईल प्रकाशित पुडक्यात होती आणि प्रकल्पाच्या खुल्या कोडभांडारात नव्हती. नाव एक, आवृत्ती एक, मजकूर दोन. तो प्रक्षेपच होता. फक्त दोन पोथ्या समोरासमोर कोणी ठेवल्या नाहीत. तेव्हा एक्सझेडचा धडा पडताळणी कमी करण्याचा नसून ती आणखी मागे, मूळ कोडपर्यंत नेण्याचा आहे. त्याच कोडमधून कोणालाही तंतोतंत तेच पुडके पुन्हा घडवता यावे, ही पुनरुत्पादक बिल्डची चळवळ याच दिशेने काम करते.

विद्यार्थ्यांनी काय करावे?

धोरणाची वाट न पाहता विद्यार्थ्यांना आजच करता येण्याजोगे बरेच आहे. पुढच्या प्रकल्पात पडताळणीची फाईल पहिल्या दिवशी तयार करावी, कारण तेव्हा पॅकेजे कमी असतात आणि ठसे खरोखर तपासता येतात. ठसा शा-२५६ किंवा त्याहून सबळ फलनाचाच घ्यावा. एमडी-५ साठी टक्कर घडवण्याची रीत २००४ मध्येच दाखवली गेली, आणि २०१७ मध्ये शा-१ साठीही दोन वेगळ्या फाईलींचा एकच ठसा घडवून दाखवण्यात आला. मेव्हन सेंट्रल या भांडारात पॅकेज ठेवणाऱ्याला स्वाक्षरी करावी लागते. त्या स्वाक्षऱ्या तपासण्याची सोय चालू करावी. ग्रेडल स्वतःही उतरवले जाते, म्हणून रॅपरच्या फाईलमध्ये त्याच्या वितरणाचा ठसा लिहावा; पहारेकऱ्याचीही ओळख पटलेली असावी. सौम्य पातळी जुन्या प्रकल्पात सुरुवातीचे काही दिवस ठेवावी आणि तिच्या समाप्तीची तारीख ठरवावी. बिल्ड अडले तर नवा ठसा लिहिण्याआधी एक प्रश्न विचारावा: आवृत्तीचा आकडा तोच असताना ठसा का बदलला? या प्रश्नाचे निरुपद्रवी उत्तर असू शकते, पण ते सापडेपर्यंत बिल्ड लाल राहिलेले बरे.

पायथन वापरणाऱ्यांसाठी पिपमध्ये ठसे सक्तीचे करण्याची सोय आहे. जावास्क्रिप्टच्या एनपीएममध्ये लॉकफाईलमध्येच ठसे नोंदवलेले असतात आणि त्या फाईलशी इमान राखून पॅकेजे बसवणारी स्वतंत्र आज्ञाही आहे. भाषा कोणतीही असो, 'सोय नव्हती' हे कारण आता उरलेले नाही.

शिक्षकांवरील जबाबदारी याहून मोठी आहे. प्रात्यक्षिक परीक्षेत कार्यक्रम चालला की गुण मिळतात. तो कशापासून बनला आणि ते कोणी तपासले, यासाठी गुणपत्रिकेत रकाना आहे का, हे प्रत्येक विभागाने स्वतःला विचारावे. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत लेबल नसलेल्या बाटलीतील द्रव वापरणाऱ्या विद्यार्थ्याला बाहेर काढतात. संगणकाच्या प्रयोगशाळेत न तपासलेले परके कोड चालवणाऱ्याला, ते वेळेत चालले तर, पूर्ण गुण मिळतात. हाच विद्यार्थी उद्या बँकेचे, रुग्णालयाचे, निवडणूक कचेरीचे सॉफ्टवेअर घडवणार आहे आणि सवयीने एका ओळीत पडताळणी बंद करणार आहे.

सुखटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोणत्याही पोथीवर चोरीचा आळ घेतला नव्हता. कुंभकोणमची आवृत्ती असो की उत्तरेची, प्रत्येकीला त्यांनी साक्षीदार मानले आणि प्रत्येकीची उलटतपासणी केली. शारदा लिपीतील पोथीला जो न्याय, तोच देवनागरीतील आणि ग्रंथ लिपीतील पोथीला. त्यासाठी माणसांची आयुष्ये खर्ची पडली. सुखटणकर स्वतः १९४३ मध्ये निवर्तले आणि काम अपुरे पाहून गेले. आज तेवढ्याच शिस्तीची पहिली पायरी चढायला एक फाईल आणि एक कठोर पातळी पुरते. ती चढायची नसेल, तर निदान बिल्डच्या शेवटी उमटणाऱ्या हिरव्या खुणेला 'यशस्वी' म्हणणे थांबवावे. ती खूण एवढेच सांगते की कोणीही काहीही विचारले नाही.